नवा माल बाजारात आणण्याआधी पाहणी कशी करावी

आधी निर्णय कागदावर लिहा. ‘ग्राहकांना काय हवं?’ एवढ्यावर पाहणी होत नाही. ‘दिवाळीपुरती विकतो ती चकलीची भाजणी वर्षभर पाव किलोच्या पाकिटात काढावी का?’ यावर होते. खाली अटही लिहा: दहापैकी सहा दुकानांनी पुन्हा माल मागवला तरच काढायची. अट नंतर ठरवली, तर हाती येईल तो आकडा आपण पुरेसा मानतो.

मग स्वतःची बिलं काढा. दोन वर्षांची विक्री महिन्यानुसार आणि पाकिटानुसार मांडा. दिवाळी सोडून कोण परत येतं, ते इथे फुकटात कळतं.

आता बारा-पंधरा गिऱ्हाइकांशी अर्धा-अर्धा तास बोला. नातेवाईक आणि शेजारी वगळा. ‘पाव किलो घ्याल का?’ असं विचारू नका, तोंडावर नाही म्हणणं लोकांना जड जातं. ‘शेवटची भाजणी कधी आणली, कुठून, किती, संपायला किती दिवस लागले?’ हे विचारा. घडलेलं लोक बऱ्यापैकी खरं सांगतात, पुढचं मात्र अंदाजाने.

मोठी पाहणी करायची तर शंभर जणांच्या उत्तरात साधारण 10 टक्के, चारशेंच्या उत्तरात 5 टक्के इकडे-तिकडे धरा. पण हे गणित माणसं ओळख न बघता, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली तरच लागू पडतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म फिरवला, तर चारशे उत्तरंही आपल्याच ओळखीतली. दुकानातून बाहेर पडणारं दर पाचवं गिऱ्हाईक गाठा. सकाळी, संध्याकाळी आणि रविवारीही.

प्रश्न अपुरा असेल तर संख्या वाचवत नाही. कोका-कोलाने 1985 मध्ये सुमारे दोन लाख चाखण्या घेऊन नवी चव आणली. जुनी चव बंद झाली तर लोकांना काय वाटेल, हे त्या चाखण्यांत कळणार नव्हतं. तीन महिन्यांच्या आत जुनी चव परत आणावी लागली.

शेवटी दहा दुकानांत आठ आठवडे माल ठेवा. पहिली ऑर्डर ओळखीवर मिळते, ती मोजू नका. ‘ठेवून जा, विकला तर पैसे देतो’ हीसुद्धा ऑर्डर नव्हे. रोखीची दुसरी ऑर्डरच मोजा. ज्याने ती दिली नाही, त्याच्या दुकानात जाऊन पाकीट कुठे ठेवलंय ते पाहा. खालच्या फळीवर पोत्यांमागे असेल, तर नजरेसमोर लावून आणखी दोन आठवडे थांबा. समोर असूनही तसंच पडून असेल, तर नकार धरा.