रुंद ए-आर्म घेण्याआधी मोजायचा टेप लावला, ते बरं झालं

शारजा अमिरातीतल्या अल बदायरच्या वाळूत माझी जुनी ७०० सीसी स्पोर्ट क्वाड (चार चाकांची बाइक) पुढून धडाधड आपटायची. एका टेकाडावरून उतरताना मनगटं इतकी दुखली, की दोन दिवस चहाचा कप नीट धरवेना. मित्र म्हणाले, लांब ए-आर्म (चाक फ्रेमला जोडणारे दांडे; ते लांब घेतले की गाडी रुंद होते) आणि नवे शॉक, म्हणजे धक्के शोषणारे दांडे, टाक. मीही पैसे काढून ठेवले होते.

त्याआधी माझ्या वजनाने गाडी पुढून किती दबते ते मोजून पाहिलं. पुढची चाकं अधांतरी लोंबकळत असताना फ्रेमची चाकाच्या आसापासूनची उंची घेतली, मग हेल्मेट-बूट घालून गाडीवर बसलो आणि पुन्हा घेतली. चाकाचा वर-खाली प्रवास सुमारे २३० मिमी. बसल्यावर त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे ७५ मिमीच्या आसपास, दबायला हवा. माझा जेमतेम ३५! आधीच्या मालकाने मऊ स्प्रिंगवर प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा ताण) शेवटपर्यंत आवळून वेळ मारून नेली होती.

प्रीलोड उंची ठरवतो, स्प्रिंगचा कडकपणा नाही.

माझ्या वजनाला साजेशा कडक स्प्रिंगा घेतल्या आणि प्रीलोड सैल केला. शॉकमधलं तेल, सील बदलून नायट्रोजन भरून घेतला. तरी लागोपाठच्या लाटांवर पुढचा भाग खाली खालीच बसायचा. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग, फार मंद होता. त्याचा स्क्रू तीन क्लिक मोकळा केल्यावर तेही थांबलं.

रुंद ए-आर्म घेतले असते तर टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे), ब्रेकच्या नळ्या सगळंच बदलावं लागलं असतं. शिवाय शॉकवरचा तरफेचा जोर वाढून त्याच स्प्रिंगा आणखी मऊ वाटल्या असत्या.

उंची बदलली की टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) मात्र पुन्हा तपासा.