बीजीव्हीत (नवीन कंपनी करते त्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये) जुन्या नोकरीचा घोळ निघाला तर काय करायचं

ऑफर लेटर आलं, पेढे वाटून झाले, आताच्या कंपनीत पेपर पण टाकला (म्हणजे राजीनामा दिला), आणि मग एका संध्याकाळी व्हेरिफिकेशनवाल्यांचा मेल येतो की तुमच्या आधीच्या नोकरीच्या तारखा जुळत नाहीयेत, दोन दिवसांत कागद अपलोड करा. माझ्या मावसभावाला अगदी असाच मेल आला होता. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत तो दोन वर्षं होता, रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) "देतो देतो" म्हणत कधी दिलंच नाही, आणि पुढची नोकरी मिळाली म्हणून यानेही पिच्छा सोडून दिला. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो, पीएफच्या पोर्टलवर 'व्ह्यू'मध्ये 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडली तर भोसरीच्या कंपनीसमोर सोडल्याची तारीख 'नॉट अवेलेबल'. म्हणजे रेकॉर्डवर तो अजून तिथेच कामाला, आणि वर दुसऱ्या कंपनीचा पीएफही चालू! बघणाऱ्याला वाटणार की हा एकाच वेळी दोन नोकऱ्या करत होता. पोराची काही चूक नव्हती, तिथला अकाउंटंट बदलला आणि एक्झिट डेट टाकायची राहून गेली, एवढंच.

त्या वेळी जे जे केलं आणि नंतर ओळखीतल्या चार-पाच जणांना जे सांगितलं ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गॅप असणं, सहा महिन्यांत नोकरी सोडलेली असणं, कंपनी बंद पडलेली असणं, यातलं काहीही समजावून सांगता येतं. अडतं कुठे, तर तुम्ही फॉर्मवर लिहिलेलं एक आणि कागदावर निघालेलं दुसरं, तिथे. म्हणून फॉर्म आठवणीतून भरायचाच नाही.

१. स्वतःचं रेकॉर्ड स्वतः आधी काढा

मुलाखती सुरू करायच्या आधीच हे करा, ऑफर आल्यावर नको. पीएफच्या मेंबर पोर्टलवर यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) टाकून सर्व्हिस हिस्ट्री बघा, पासबुक डाउनलोड करा (पासबुकची साइट वेगळी आहे, उमंग अ‍ॅपवरूनही मिळतं). यूएएन २०१४ पासून आलाय, आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो, त्यामुळे व्हेरिफिकेशनवाले सगळ्यात आधी तोच बघायला लागलेत. कोणाकोणाचे दोन यूएएन निघतात, पहिल्या कंपनीने एक काढला आणि दुसऱ्या कंपनीने विचारलंच नाही म्हणून दुसरा, तेही आत्ताच कळलेलं बरं.

मग इन्कम टॅक्सच्या साइटवरून २६एएस आणि एआयएस ही तुमच्या टॅक्सची स्टेटमेंट काढा. पगारातून टीडीएस कापला असेल तर कुठल्या कंपनीने कधी किती कापला हे तिथे कंपनीच्या नावासकट दिसतं. शेवटी बँक स्टेटमेंट, पगार जमा झालेल्या ओळींसकट. आता एका कागदावर प्रत्येक नोकरीसाठी लिहा: जॉइन तारीख, सोडल्याची तारीख, लेटरवर छापलेलं पद, एम्प्लॉयी आयडी, आणि पगार कोणाच्या नावाने जमा व्हायचा.

हा शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे, त्यावर जरा थांबतो. हिंजवडीत मोठ्या कंपनीच्या बिल्डिंगमध्ये तीन वर्षं बसलात, आयडी कार्डही त्यांचंच, पण पेरोल कुठल्यातरी व्हेंडरचा (म्हणजे पगार देणारी कंपनी वेगळीच), असे किती तरी लोक आहेत. सीव्हीवर मोठ्या कंपनीचं नाव टाकलं जातं आणि मेल गेल्यावर तिथला एचआर सांगतो की या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हताच. खरं काम करूनही रिपोर्ट लाल, म्हणजे माहिती जुळली नाही असा. फॉर्ममध्ये एम्प्लॉयर म्हणून ज्याचा पेरोल त्याचंच नाव लिहा आणि पुढे क्लायंट म्हणून मोठ्या कंपनीचं. सीव्हीतही तसंच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

२. एक्झिट डेट राहिली असेल तर

ही तारीख आता तुम्ही स्वतः टाकू शकता. पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये जाऊन 'मार्क एक्झिट', जुना पीएफ अकाउंट निवडायचा, तारीख आणि कारण टाकायचं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, झालं. दोन अटी आहेत. शेवटचा हप्ता भरल्यापासून दोन महिने झालेले हवेत, आणि तारीख ज्या महिन्यात शेवटचा हप्ता भरलाय त्याच महिन्यातली हवी. घाईघाईत चुकीची तारीख टाकू नका, कारण एकदा टाकली की बदलायला फार त्रास होतो.

भावाचं इथेच अडलं. तो खरं तर १२ मार्चपर्यंत कामाला होता, पण कंपनीने मार्चच्या त्या १२ दिवसांचा पीएफ भरलाच नव्हता, त्यामुळे पोर्टल फेब्रुवारीच्या पुढची तारीख घेईना. शेवटी २८ फेब्रुवारी टाकली, फॉर्मवर मात्र १२ मार्च हीच खरी तारीख लिहिली, आणि सोबत राजीनामा मंजूर केल्याचा मेल आणि मार्चच्या अर्ध्या पगाराची बँकेतली एन्ट्री जोडली. दोन ओळींत कारण लिहिलं. रिपोर्ट अंबर (लाल नाही, पण पूर्ण क्लिअरही नाही असा) आला, एचआरने कागद बघून तो मान्य केला.

तारीखच चुकीची चढली असेल तर जॉइंट डिक्लरेशनची (पीएफचं रेकॉर्ड दुरुस्त करायची) रिक्वेस्ट टाकावी लागते, ती काही वेळा जुन्या कंपनीकडे मंजुरीला जाते. कंपनी दादच देत नसेल किंवा पगारातून पीएफ कापून भरलाच नसेल तर ईपीएफआयजीएमएस या पोर्टलवर तक्रार टाका आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा, तो नंबर नवीन एचआरला दाखवता येतो.

३. रिलिव्हिंग लेटर नसेल तर

आधी जुन्या एचआरला मेल करा, फोनवर बोलणं झालं असलं तरी मेल कराच. त्यात एम्प्लॉयी आयडी, दोन्ही तारखा आणि काय हवंय ते स्पष्ट लिहा. आठवड्याने आठवण, आणि तरी उत्तर नसेल तर तेच पत्र स्पीड पोस्टने. नोटीस पिरियडचे पैसे भरायचे राहिले म्हणून लेटर अडवलं असेल तर आकडा लेखी मागा आणि जमत असेल तर भरून मोकळे व्हा, माझं तरी हेच मत आहे, कारण तो अडकलेला कागद पुढच्या प्रत्येक नोकरीला आडवा येतो.

तोवर ऑफर लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, राजीनामा मंजुरीचा मेल, फुल अँड फायनलचा हिशोब, फॉर्म १६, यातलं जे आहे ते गोळा करा. बरेच एचआर एवढ्यावर चालवून घेतात. छोट्या कंपनीत पीएफ नव्हताच, पगार रोख मिळायचा असं असेल तर काम कठीण आहे, पण तिथल्या मॅनेजरचा कंपनीच्या मेल आयडीवरून आलेला मेल, हजेरीचं कार्ड, कामाचे जुने मेल, काही ना काही निघतंच. (वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीला सहसा पीएफ लागू होत नाही, तेव्हा पीएफ नाही म्हणजे नोकरी खोटी असं कोणी म्हणालं तर हे सांगा.)

कंपनीच बंद पडली असेल तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर कंपनी मास्टर डेटात तिचं नाव शोधा. 'स्ट्राइक ऑफ' (नोंदणीतून नाव काढलं) असं स्टेटस दिसलं की स्क्रीनशॉट काढून जोडा. तो नसेल तर व्हेरिफिकेशनवाले बंद मेल आयडीवर मेल पाठवत बसतात आणि शेवटी 'अनएबल टू व्हेरिफाय' (पडताळता आलं नाही) लिहून मोकळे होतात.

४. नवीन एचआरला तुम्हीच आधी सांगा

लोक इथे घाबरतात आणि इथेच बिघडतं. बीजीव्हीची लिंक आली की भरायच्या आधी एचआरला छोटा मेल टाका. इंग्रजीत लिहा पण मजकूर साधारण असा: "माझ्या २०१९ ते २०२१ च्या नोकरीचं रिलिव्हिंग लेटर मिळालेलं नाही, कंपनीला अमुक तारखांना मेल केले आहेत, ते आणि बाकीचे पुरावे सोबत जोडतोय, आणखी काय लागेल ते सांगा." बस. रडगाणं नको, जुन्या बॉसची निंदा नको.

न सांगता निघून आलात आणि तिथे 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' असा शेरा असेल तरी हेच करा. ती नोकरी लपवू नका, पीएफमध्ये ती दिसतेच. घरी आजारपण होतं, पगार तीन महिने थकला होता, जे खरं असेल ते एका वाक्यात सांगा.

आणि कृपा करून एक्स्पिरियन्स लेटर विकणाऱ्या कन्सल्टन्सीकडे जाऊ नका. पैसे घेऊन बनावट लेटर, बनावट स्लिप, वर व्हेरिफिकेशनचा फोन उचलायलाही माणूस देतात. बनावट कागद वापरणं हा गुन्हा आहे, आणि पकडलं गेलं तर जॉइन होऊन वर्ष झालेलं असलं तरी काढतात. वर्षभराचा गॅप सांगून जरा कमी पगारावर लागणं याहून कितीतरी बरं, ओळखीतल्या एका मुलीने तेच केलं आणि आज ती टीम लीड आहे.

५. रिपोर्ट लाल आला तर

नेमकं काय जुळलं नाही ते लेखी विचारा. जॉइन तारीख, पद, पगार, की सोडण्याचं कारण? पुष्कळदा चूक समोरच्याची असते, नावात साम्य असलेल्या दुसऱ्याच माणसाची माहिती दिलेली असते, किंवा ट्रेनी म्हणून लागलेले सहा महिने सोडून कन्फर्मेशनची तारीख कळवलेली असते. उत्तर देताना एम्प्लॉयी आयडी आणि त्याच मुद्द्याचा कागद जोडा, सगळा गठ्ठा पाठवू नका, आणि पुन्हा व्हेरिफाय करायची विनंती करा. जुन्या एचआरला फोन करून सांगा की अमुक एजन्सीचा मेल येईल, बऱ्याचदा तो स्पॅममध्ये पडून असतो.

शक्य असेल तिथे बीजीव्ही क्लिअर झाल्यावरच पेपर टाका, तसं एचआरला स्पष्ट विचारा. आणि सध्याची नोकरी सोडताना, लॅपटॉप परत करायच्या आधीच सगळ्या सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ डाउनलोड करून घ्या, राजीनामा पाठवताना सीसीमध्ये स्वतःचा पर्सनल मेल ठेवा, आणि दोन महिन्यांनी पोर्टल उघडून एक्झिट डेट चढली का ते बघा.