मुंबई–लंडन प्रवासाची वेळ मोजताना या चुका टाळा

मुंबई–लंडनचे तिकीट हाती आले की बहुतेक जण पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करतात. उन्हाळ्यातल्या एका तिकिटावर 'मुंबई १३:३०, लंडन १८:३०' असे वाचून आमच्या मामांनी पाच तासांत लंडन, म्हणून घरभर सांगितले आणि त्याच हिशेबाने प्रवासातल्या गोळ्यांची डबी भरली. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहरातल्या घड्याळाची असते. लंडनला १८:३० वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे अकरा झालेले असतात, म्हणजे मामांना साडेनऊ तास बसायचे होते.

दोन्ही शहरांच्या घड्याळांतला हा फरक बारा महिने सारखाच धरणे, ही त्यापुढची चूक. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपली घड्याळे मात्र जिथल्या तिथे राहतात. त्यामुळे वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा होतो. जुलैत पाठ केलेला आकडा जानेवारीत वापरला की लेकीला लंडनमध्ये भलत्याच वेळी फोन जातो.

दुसरा हिशेब अंतराचा. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असल्याने, ताशी ९०० किलोमीटर वेगाने आठ तास, असे गणित कागदावर चोख दिसते. (हेच अंतर साध्या मैलांत सुमारे ४,५०० आणि सागरी मैलांत सुमारे ३,९०० भरते, दोन ठिकाणी वेगळे आकडे दिसले तर आधी एकक पाहावे.) परंतु ७,२०० हा पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या वाटेचा आकडा आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि तुर्कस्तानकडून जाते. गोलावर दोरा ताणला तर तो पाकिस्तानचा किनारा, इराण, कॉकेशस (कॅस्पियन आणि काळा समुद्र यांमधला डोंगराळ भाग) आणि युक्रेन असा उत्तरेकडून वळतो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. साहजिकच विमान वळसा घेते आणि प्रत्यक्ष अंतर वाढते. त्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात, म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर आटोपतो. जाण्याचा वेळ धरून परतीचा अंदाज बांधू नये, आणि जुन्या तिकिटावरून तर मुळीच नाही.

तिकिटावरील कालावधीत विमानाचे धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणेही धरलेले असते. विमानतळावर लवकर पोहोचण्याचे तास आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून मध्य लंडन गाठण्याचा वेळ वेगळा.

तारखेची चूक सर्वांत महागात पडते. १५ तारखेला ०१:३० वाजता निघणाऱ्या विमानासाठी घरातून १४ तारखेच्या रात्री, जेवणे उरकताच निघावे लागते. १५च्या रात्री बॅगा घेऊन जाणाऱ्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. परतीला वेळेपुढचे '+१' (म्हणजे पुढच्या तारखेला) हे बारीक चिन्ह पाहावे. लंडनहून शनिवारी २१:०० ला सुटलेले विमान मुंबईत रविवारी सकाळी उतरते, त्यामुळे आणायला येणाऱ्यांना वार आणि तारीख दोन्ही लिहून पाठवावे.