परदेशात मेडिकल कॅम्पला फोटोग्राफर म्हणून जाताय? या चुका टाळा

कोल्हापुरात लग्नं शूट करणाऱ्यांचा हात चांगला बसलेला असतो, गर्दी, कमी उजेड, धावपळ सगळ्याची सवय असते, त्यामुळं डॉक्टरांची टीम केनियाला किंवा नेपाळला मोतीबिंदू नाहीतर दुभंगलेल्या ओठांच्या ऑपरेशनला निघाली की आपल्यातल्या कुणाला तरी फोन येतोच, "येतोस काय भावा फोटो काढायला?" जरूर जावा. पण बहुतेक चुका या लग्नाच्या सवयीतूनच होतात. लग्नात प्रत्येकाला फोटोत यायचं असतं, इथं समोरचा माणूस दुखणं घेऊन आलेला असतो आणि फोटो त्यानं मागितलेला नसतो.

सगळ्यात मोठी चूक परवानगीची. पेशंट रांगेत उभा असताना इंग्रजी फॉर्म पुढं करायचा, अंगठा घ्यायचा आणि झालं म्हणायचं, याला परवानगी म्हणत नाहीत. त्या माणसाला वाटतं की नाही म्हटलं तर ऑपरेशन होणार नाही. म्हणून विचारायचं काम ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी किंवा तुम्ही नाही, तिथल्याच नर्सनं त्यांच्या भाषेत करावं, आणि "फोटो नको म्हणालात तरी उपचार होणारच" हे पहिल्यांदा सांगावं. गुंगीचं औषध द्यायच्या आधी विचारावं. फोटो फक्त उपचाराच्या नोंदीसाठी, देणगीदारांच्या अहवालासाठी, का सोशल मीडियासाठी, याला फॉर्मवर वेगवेगळ्या बरोबरच्या खुणा हव्यात, कारण पहिल्याला हो म्हणणारा तिसऱ्याला नाही म्हणू शकतो. लहान मूल असेल तर आई-वडिलांची सही पाहिजेच, पण सही असली तरी मूल कॅमेऱ्याला बघून रडायला लागलं तर कॅमेरा खाली ठेवायचा.

२०१९ च्या महापुरात चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या लोकांनी हे सगळं सोसलंय, मदत देणाऱ्याच्या एका हातात बिस्किटाचा पुडा आणि दुसऱ्या हातात फोटोसाठी मोबाईल. मदत घेताना आपला फोटो निघतोय हे कसं वाटतं ते आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. तेच दुसऱ्याच्या गावात जाऊन करू नका, एवढं मनापासून सांगावंसं वाटतं.

ओळख उघडी पडणं ही पुढची चूक. पेशंटचं नाव, गाव आणि आजार एकाच कॅप्शनमध्ये टाकू नका. कॅमेरा आणि मोबाईलचं लोकेशन बंद ठेवा. मागच्या फळ्यावर पेशंटची यादी किंवा टेबलावर केसपेपर दिसतोय का ते प्रत्येक फ्रेममध्ये बघा. केनियात २०१९ पासून डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे आणि त्यात तब्येतीची माहिती संवेदनशील धरली जाते, म्हणजे हा फक्त चांगुलपणाचा प्रश्न नाही.

आता ऑपरेशन थिएटर, इथं सगळ्यात जास्त गडबड होते. आत गेल्यावर पहिल्यांदा सिस्टरना विचारा, कुठं उभं राहू? हिरव्या-निळ्या निर्जंतुक कापडाला आणि त्यावरच्या ट्रेला हात तर लावायचा नाहीच, किमान हातभर लांब राहायचं, आणि कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा आधीच काढून टाकायचा, कारण वाकलात की तोच पहिल्यांदा कापडाला लागतो. बॅग बाहेर, कॅमेरा पुसून आत, लेन्स आत बदलायची नाही, २४-७० ची झूम लेन्स लावून जावा म्हणजे भागतं. फ्लॅश नको, आणि फोकसच्या वेळी पेटणारा तो बारका लाईट पण मेनूतून बंद करा, मोतीबिंदूच्या पेशंटच्या बाहुल्या थेंब टाकून मोठ्या केलेल्या असतात, उजेड त्यांना सहन होत नाही. उपाशीपोटी आत जाऊ नका, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच मागं सरून खाली बसा, पडलात तर टेबलावर पडाल.

फोटोत आडवे पट्टे येतायत? सायलेंट शटर आणि एलईडीचं जमत नाही. शटर १/१०० किंवा १/५० करून बघा, केनिया आणि नेपाळमध्ये वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झ आहे. तरी गेले नाहीत तर डॉक्टरांना विचारून मेकॅनिकल शटर वापरा. मधला भाग पांढरा फटक आणि चेहरे काळे येत असतील तर ऑटो सोडा, मॅन्युअलवर जाऊन डॉक्टरांच्या हातांवर एक्स्पोजर धरा आणि रॉमध्ये काढा. बाहेर ओपीडीत काळ्या वर्णाचे चेहरे अंधारे येत असतील तर मागची उघडी खिडकी फ्रेममधून काढा आणि एक्स्पोजर चेहऱ्यावर धरा, एडिटिंगमध्ये रंग उजळवत बसू नका.

आधीचा-नंतरचा फोटो असेल तर लेन्स, अंतर, उजेड, भिंत सगळं तेच ठेवा. आधीचा अंधारात रडवेला आणि नंतरचा उन्हात हसरा काढला तर डॉक्टरांना त्याचा काही उपयोग नाही आणि बघणाऱ्याची फसवणूक होते ती वेगळीच.

प्रवासाचं पटकन सांगतो. सुट्ट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच, १०० वॅट-अवरपर्यंत चालतं, २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ भरते. केनियाला जाणार असाल तर यलो फीव्हरची लस निदान १० दिवस आधी घ्या, ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत आल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईन होऊ शकतं. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे, लेन्स कापडात गुंडाळा. तिथल्या प्लगच्या पिना चौकोनी असतात, अॅडॉप्टर न्या. महागडा कॅमेरा असेल तर मुंबई विमानतळावर सामान देण्याआधी कस्टमकडून सिरीयल नंबरचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर येताना हा इथूनच नेलाय हे पटवत बसावं लागतं, त्यामुळं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणार असाल तर विमानाच्या आधी भरपूर वेळ ठेवा. व्हिसा टुरिस्टचा चालतो का ते आयोजकांकडून लेखी घ्या. ड्रोन घरीच ठेवा, परवानगीशिवाय नेलात तर जप्त होऊ शकतो, आणि दवाखान्यावर घिरट्या घालायची गरजही नाही.

आणि त्याच रात्री रील टाकायची घाई नको. फोटो रोज दोन हार्डडिस्कवर घ्या, दोन वेगळ्या माणसांकडं ठेवा, नोंदीचे फोटो आणि बाहेर दाखवायचे फोटो वेगळ्या फोल्डरात. प्रत्येक पेशंटच्या आधी त्याच्या टोकन नंबरचा एक फोटो काढा, म्हणजे महिन्यानं कुणी निरोप पाठवला की माझा फोटो काढून टाका, तर तो सापडेल, आणि मग कारण न विचारता सगळीकडून काढून टाका.