"होऊन जाईल सर" ऐकून निर्धास्त होताय? अजाईल राबवताना या चुका टाळा

अजाईल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवत जायची पद्धत. स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) होतोय, बोर्डवर कामांची टिकेटं सरकतायत, रेट्रोत (टप्पा संपल्यावरच्या आढाव्यात) सगळे "ऑल गुड" म्हणतायत आणि स्प्रिंटचे, म्हणजे त्या टप्प्याचे, दोन दिवस उरले की कळतं, अर्धं काम झालेलंच नाही. असं होत असेल तर टीम आळशी आहे म्हणून मोकळे होऊ नका. अजाईलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून लिहिला. माझ्या मते त्यात एक गोष्ट न लिहिताच धरून चाललेत, की माणूस साहेबासमोर "हे जमणार नाही" म्हणू शकतो. विकसनशील देशांतल्या बऱ्याच ऑफिसांत गाडी नेमकी इथंच अडते.

आमच्याच एका टीममधला पोरगा. पेमेंटचं इंटिग्रेशन (पैसे भरायची सोय सॉफ्टवेअरला जोडणं) त्याच्याकडे होतं, तीन दिवस रोज एकच उत्तर, "होऊन जाईल सर." चौथ्या दिवशी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, म्हटलं जरा चालवून दाखव. तर टेस्ट सर्व्हरची 'की' (आत शिरायचा कोड) मिळालीच नव्हती त्याला, मेल टाकून बिचारा वाट बघत होता, आणि ती ज्यांच्याकडे अडकली होती ते साहेब रोज त्याच कॉलवर हजर! आता दहा जणांसमोर "तुम्हीच दिली नाही" असं तो म्हणणार कसा?

म्हणजे पहिली चूक, स्टँडअपची हजेरी करून टाकणं. स्क्रम ही अजाईलचीच एक रीत, तिच्या नियमपुस्तिकेनुसार (स्क्रम गाइड) ती १५ मिनिटं डेव्हलपर्ससाठी असतात, आणि "काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय" हे तीन प्रश्न तर २०२० च्या आवृत्तीत काढूनही टाकलेत, तरी लोक मंत्रासारखे म्हणतात. मॅनेजरला त्यातून बाहेर ठेवा, आणि "झालं का?" हा प्रश्न बंद करा कारण त्याचं उत्तर "हो" च येतं. "कोणाकडून काय यायचंय?" विचारा, लगेच नावं निघतात. आणि हो, इंग्रजीतच बोला हा हट्ट कशाला? अडचण स्वतःच्या भाषेत पटकन बाहेर पडते.

एस्टिमेटचंही तेच, म्हणजे काम किती मोठं याचा पॉइंटांत दिलेला अंदाज. सिनियर आधी "तीन पॉइंट" म्हणाला की सगळ्यांचे तीनच. प्लॅनिंग पोकरमध्ये (प्रत्येकानं आपला अंदाज पत्त्यावर दाखवायची पद्धत) पत्ते एकदम उलटायचे असतात ते याचसाठी, पण आपण पत्ते ठेवतो बाजूला आणि तोंडी विचारत सुटतो. पत्ते एकदम उघडा, मग ज्याचा आकडा सगळ्यात वेगळा त्याला आधी बोलू द्या, लीड सगळ्यात शेवटी.

रेट्रोत शांतता असेल तर चिठ्ठ्या वापरा, बिननावाच्या. पण त्यातली एखादी तरी तक्रार पुढच्या स्प्रिंटमध्ये खरंच मिटवा, नाहीतर तिसऱ्या वेळेला कोऱ्या चिठ्ठ्या येतील (आमच्याकडे आल्यात).

याच्या उलट टोकाची चूक पण बघितलीय. डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून एक निर्देशांक काढला, अधिकारातली दरी लोक किती सहज मान्य करतात त्याचा. त्यात ऑस्ट्रिया ११, भारत ७७, मलेशिया १०४. हे आकडे स्लाइडवर टाकून "आपली संस्कृतीच अशी, आपल्याकडे अजाईल चालणार नाही" म्हणणारे भेटतात. अहो, ती १९७० च्या आसपासची देशाची सरासरी आहे, तुमच्या समोरच्या टेस्टरचं मोजमाप नव्हे. तीच गप्प टेस्टर चहाच्या वेळी सगळे बग घडाघडा सांगते! म्हणजे बोलता येतं तिला, भर मीटिंगमध्ये सोय नाही एवढंच.

वीज नाहीतर नेट जात असेल तर व्हिडिओ कॉलचा आग्रह सोडा, दोन ओळींचा मेसेज चालतो.

शेवटचं म्हणजे सरकारी कामं. टेंडरमध्ये सगळं आधीच लिहिलेलं, आणि प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) म्हणून जो माणूस देतात त्याला बटणाचा रंग बदलायचा अधिकार नसतो, तो डेमोला मान डोलावतो आणि फाइल वर गेली की सगळं परत येतं. इथं टेंडरशी भांडून उपयोग नाही. ठरलेले टप्पे तसेच ठेवा, आत छोटे स्प्रिंट चालवा, डेमोत काय ठरलं ते त्याच दिवशी मेलवर घ्या. सही करणारे डेमोला येत नसतील तर लॅपटॉप घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जा, दहा मिनिटं मिळाली तरी बास.