गंजलेली काँटेसा किती दुरुस्त करायची? या चुका टाळा

परभणी-हिंगोलीकडे एखाद्या आखाड्यावर (शेतातल्या घरी) ताडपत्रीखालून काँटेसा निघाली की बघणाऱ्याचा जीव तिच्यात अडकतो. साहजिकच आहे. लांबलचक बॉनेट, रुंद बांधा, मागच्या चाकांना जोर देणारी ही गाडी म्हणजे आपल्याकडची मसल कार, दणकट दिसणारी दमदार गाडीच. मूळ साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ ते २००२ या काळात बनवली. पण ‘शोरूममधून आल्यासारखी करू’ असं ठरवून बसू नका. किती करायचं ते आधी पत्र्याला विचारा.

इंजिन ऐकून सौदा करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मेस्त्री बॅटरी जोडतो, सेल्फ मारतो, इंजिन चालू होतं आणि लगेच इसार दिला जातो. इंजिनाचं दुखणं बरं होतं. सुरुवातीच्या काँटेसात ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, नंतरचं १.८ लिटरचं इसुझूही पुढे ॲम्बेसेडरमध्ये आलं. त्यामुळे शोधलं तर सुटे भाग मिळतात. बॉडीचे भाग मात्र दुर्मिळ. शिवाय तिला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट नाही; बॉडीच भार पेलते (हिलाच मोनोकॉक म्हणतात). फ्लोअर, दाराखालची पोकळ पट्टी आणि खांब यांवरच सगळी गाडी उभी असते.

म्हणून गाडी उचलून खालून बघा. दाराखालची पट्टी, फ्लोअरचे कोपरे, मागच्या सस्पेन्शनच्या पकडी आणि स्टेअरिंगची यंत्रणा बसते ती जागा पेचकसाच्या टोकाने दाबून पाहा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही. लोहचुंबक चिकटत नसेल तर आत जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जॅक लावल्यावर दार घासायला लागलं, तर सांगाडाच सैल झालाय. अशी गाडी पूर्ण करायला पैसा आणि मोनोकॉक बॉडीचं वेल्डिंग जाणणारा माणूस, दोन्ही हवेत. नसतील तर ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘आपल्याकडं कुठं समुद्र आहे?’

खारा वारा नाही म्हणजे गंज नाही, असं समजू नका. समुद्र नाही, पण ऊन आहे. आपल्या उन्हाळ्यात काचेची रबरं तडकतात. मग पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून मॅटखाली उतरतं आणि तिथेच मुरत राहतं. चाकांच्या कमानीत चिकटलेली काळी माती ओल धरून ठेवते. रंगाला फोड दिसतात तेव्हा गंज बहुधा आतून बाहेर आलेला असतो. आधी रबरं बदला, माती धुवा, पाणी निघायची भोकं मोकळी करा. ते न करता नवा रंग मारला तर एक-दोन पावसाळ्यांत तेच फोड परत.

एकदम सगळं उघडणं

गाडी शेवटच्या बोल्टापर्यंत सुटी होते, पैसे संपतात, आणि डब्यात भरलेले भाग पुढे कुणालाच जुळवता येत नाहीत. सांगाडा धड असेल तर माझा कौल मधल्या वाटेला: कुजलेला पत्रा कापून नवा बसवा, ब्रेक, स्टेअरिंग आणि टायर नवे करा, पेट्रोलची टाकी आतून साफ करा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात, त्या बदलाच. वरचा मूळ रंग फिका असला तरी राहू द्या. तो पुन्हा मिळत नाही.

दाराखालची पट्टी कापण्याआधी दारं बसवून फटी मापून घ्या आणि आतून आधार वेल्ड करा. नाहीतर नंतर दारं लागत नाहीत. उघड्या पत्र्यावर नुसता रेड ऑक्साइड (लाल अस्तर) मारून गाडी पावसात ठेवू नका. तो ओल शोषतो. ओल आत न जाऊ देणारं एपॉक्सी प्रायमरचं अस्तर घ्या.

कागद शेवटी बघणं

आरसीवरचा इंजिन नंबर, चासी नंबर आणि नोंदणीची मुदत गाडी घेण्याआधीच आरटीओत तपासा. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. दुसरं इंजिन टाकायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर तशी नोंद हवी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते ती पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. १९८४ ची काँटेसा त्या वयाला २०३४ मध्ये पोचेल. तोवर तिचं मूळ इंजिन विकू नका.