पुण्यातून बघा सायकलिंगच्या हंगामाची सुरुवात: आधी घड्याळ लावा, मग शर्यत

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती धरून ४३७ किलोमीटर. सायकलपटूंचा घोळका शेजारून गेला की वाऱ्याचा झोत कसा लागतो, हे पुष्कळ पुणेकरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. जागतिक सायकलिंग संघटनेच्या वर्गवारीत ती शर्यत २.२ दर्जाची. तिच्याहून बऱ्याच पायऱ्या वर आहे वर्ल्ड टूर, म्हणजे जगातल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यतींची मालिका. तिचा हंगामही जानेवारीतच सुरू होतो आणि एप्रिल संपेपर्यंत जवळपास दर शनिवार-रविवारी काहीतरी बघण्यासारखं असतं. जुलैतली टूर द फ्रान्स सगळे बघतात. पण एका दिवसात निकाल लावणाऱ्या बहुतेक मोठ्या शर्यती या चार महिन्यांतच आहेत, आणि त्या आपल्याकडे संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला संपतात.

सगळ्यात जास्त फसगत घड्याळात होते. ऑस्ट्रेलियातली टूर डाउन अंडर ॲडलेडच्या वेळेने चालते, म्हणजे आपल्यापुढे ५ तास. तिचे टप्पे आपल्या सकाळी सहाच्या सुमारास सुटतात आणि साडेनऊ-दहापर्यंत आटोपतात. फेब्रुवारीतली यूएई टूर आपल्यामागे दीड तास. तिचा शेवट संध्याकाळी सहाच्या आसपास धरा. खरी गफलत युरोपात आहे. बेल्जियम, फ्रान्स, इटली हिवाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेतीन तास होतो. तिकडे पाच वाजता संपणारी शर्यत आदल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे रात्री साडेनऊला संपत होती, ती आता साडेआठला. नेमक्या त्या रविवारी बेल्जियममध्ये बहुतेक दरवर्षी मोठी शर्यत असते, आणि टीव्ही लावावा तर विजेत्याच्या हातात फुलं दिसतात. उपाय सोपा आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये शर्यत भारतीय वेळेने लिहू नका. तिकडची वेळ टाका आणि टाइम झोन ब्रसेल्स किंवा रोम निवडा. पुढचा हिशोब फोन करतो.

दुसरी फसगत शेवटाच्या वेळेची. शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक गाव, प्रत्येक चढ किती वाजता येईल याचा तक्ता असतो. त्यात बहुधा सरासरी वेगाचे तीन रकाने असतात: हळू, मधला, वेगवान. नेहमी वेगवान रकाना धरा. मिलान-सानरेमोचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये ती २८८ किलोमीटरची होती आणि विजेत्याची सरासरी ताशी ४६.१ किलोमीटर पडली, म्हणजे सव्वासहा तास. ज्याने ताशी ४२चा हिशोब धरला असेल त्याचं उत्तर आलं असेल ६ तास ५१ मिनिटं, म्हणजे ३६ मिनिटांची चूक. सानरेमोत शेवटच्या ३६ मिनिटांतच सगळं घडतं. पाठीवर वारा असेल तर वेगवान रकान्याच्याही अर्धा तास आधी बसा.

प्रक्षेपणाचं गणित आयोजकावर अवलंबून आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पॅरिस-नीस, पॅरिस-रूबे आणि लिएज-बास्तोन-लिएज (थोडक्यात लिएज) एका फ्रेंच कंपनीकडे; स्त्रादे बियांके, तिर्रेनो-आद्रियातिको आणि सानरेमो एका इटालियन कंपनीकडे; ओमलूप आणि टूर ऑफ फ्लँडर्स बेल्जियन कंपनीकडे. हक्क वेगवेगळे विकले जातात, त्यामुळे एका ॲपवर रूबे असली म्हणून फ्लँडर्स असेलच असं नाही. वर्षाची वर्गणी भरण्याआधी त्या ॲपवर या तिन्ही गटांतली एकेक शर्यत शोधा, आणि शक्यतो महिन्याचीच वर्गणी घ्या. मार्चअखेरीस आयपीएल सुरू झालं की घरचा टीव्ही साडेसातनंतर मिळत नाही. लॅपटॉपची सोय आधी करून ठेवा.

आता बघायचं काय? सगळं बघायला जाऊ नका, मार्चच्या मध्यापर्यंत दमून जाल. फेब्रुवारीअखेरीची ओमलूप, शिमग्याच्या सुमारास स्त्रादे बियांके, पाडव्याच्या आगेमागे सानरेमो, एप्रिलच्या सुरुवातीला फ्लँडर्स, पुढच्या रविवारी रूबे आणि महिनाअखेरीस लिएज. या सहा पुरेत. यातल्या सगळ्या शर्यती आता महिलांच्याही होतात. सानरेमोची २०२५ मध्ये परत सुरू झाली. त्या जरूर बघा. अंतर कमी असल्यामुळे हल्ले, म्हणजे घोळक्यातून निसटायचे प्रयत्न, लवकर सुरू होतात.

घाटांची कल्पना यायला आपले घाट कामाला येतात. यूएईतला जेबेल हफीत सुमारे ११ किलोमीटरचा आणि साडेसहा टक्क्यांच्या आसपास चढाचा आहे. सिंहगडाचा घाटरस्ता चढलेल्याला तो आकडा लगेच पायांत जाणवेल. सानरेमोचा पोज्जो मात्र अवघा ३.७ किलोमीटर, सरासरी चढ चार टक्क्यांहून कमी. जुना कात्रज घाट ज्याला जमतो त्याला तोही जमेल. मग तिथे शर्यत फुटते कशी? कारण पोज्जोच्या पायथ्याशी पोचेपर्यंत पायांत पावणेतीनशे किलोमीटर झालेले असतात, आणि त्याआधीच्या चिप्रेसा या चढावर वेग भयंकर वाढलेला असतो. माथ्यापासून शेवट साधारण साडेपाच किलोमीटर, त्यातला मोठा भाग वळणावळणाचा उतार. माथ्यावर पहिल्या गड्याला ८-१० सेकंद मिळाले आणि तो उतार धीटपणे उतरला, तर मागचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. तो मिनिटभर स्क्रीनवरून नजर हलवू नका.

पोज्जोच्या उलट वाऱ्याची शर्यत. यूएईच्या वाळवंटात किंवा पॅरिस-नीसच्या पहिल्या दिवसांत वारा बाजूने आला की घोळका तिरका होतो: एकामागे एक न राहता प्रत्येक जण पुढच्याच्या थोडा बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला. रस्त्याच्या रुंदीत असे १२-१५ जणच मावतात. त्यांच्या मागचा माणूस रस्त्याच्या कडेला उघडा पडतो, त्याला आडोसा उरत नाही, आणि तिथे फट पडते. म्हणून सपाट टप्पा कंटाळवाणा समजून बंद करण्याआधी वाऱ्याची दिशा बघा. नकाशावर रस्ता कुठे काटकोनात वळतो ते आधी पाहून ठेवलं तर फट कुठे पडेल तेही सांगता येतं.

हंगामाच्या सुरुवातीची एक खास अडचण: १ जानेवारीला खेळाडू संघ बदलतात, जर्सीही बदलतात. गेल्या वर्षी रंगावरून ओळखलेला गडी यंदा दुसऱ्याच रंगात असतो. आदल्या संध्याकाळी प्रोसायकलिंगस्टॅट्स या संकेतस्थळावर खेळाडूंची यादी उघडा. प्रत्येक संघाला सलग दहांचा गट मिळतो: १ ते ७, ११ ते १७, असं. शेवटी १ असलेला क्रमांक बहुधा संघाच्या म्होरक्याचा. जगज्जेत्याची पांढरी जर्सी, छातीवर पाच रंगांचे पट्टे, लांबूनही ओळखू येते. यादी दोन दिवस आधी बघून उपयोग नाही. आजारपणामुळे नावं शेवटपर्यंत गळतात.

पुढे निसटलेले सापडतील का, याचा एक जुना ठोकताळा: जोर लावणारा घोळका दहा किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो. ३० किलोमीटर राहिलेत आणि आघाडी दोन मिनिटं, तर बहुधा सापडतात. चार मिनिटं असेल तर नाही. हा हिशोब दगडी रस्त्यांवर आणि अरुंद चढांवर चुकतो, कारण तिथे घोळका एकत्र राहतच नाही. फ्लँडर्सचा पॅटरबर्ग जेमतेम ३६० मीटरचा, पण २० टक्क्यांपर्यंत चढाचा. तो शेवटचा चढून झाला की शर्यत संपते त्या ओडेनार्डेपर्यंत १३ सपाट किलोमीटर राहतात, आणि एकटा पुढे असेल तर तिथे मागच्यांना वीस सेकंद भरून काढणंही जड जातं.

रूबेला लवकर बसा. सुमारे २६० किलोमीटरांत जवळपास ५५ किलोमीटर दगडी रस्ता, त्याचे तीसेक तुकडे, आणि क्रमांक उलटे: शेवटाकडे जाताना १ पर्यंत उतरत येतात. म्हणजे स्क्रीनवरचा आकडाच किती उरले ते सांगतो. तुकड्यांना कठीणपणाप्रमाणे तारे असतात. पाच तारे फक्त आरेनबर्ग, माँ-आं-पेवेल आणि कार्फूर द लार्ब्र या तिघांना. आरेनबर्गच्या जंगलापाशी शेवट अजून सुमारे ९५ किलोमीटर, दोन तासांहून थोडं जास्त, असतो. आपल्याकडे साडेपाचला सुरू केलं तर ते सहसा सापडतं. तिथे पहिल्या दहांत कोण शिरतं ते टिपून ठेवा. मागे राहिलेल्याचा टायर फुटत नाही तोवर ठीक; फुटला तर संघाची गाडी त्या अरुंद रस्त्यावर त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि बरीचशी नावं तिथेच गळतात.